राजेंद्र नगरातली इटालियन

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या पृथ्वीतलावर आजवर जे काही मोटारमालक होऊन गेले, त्यांत आपल्या गाडीचा खराखुरा नवरा शोभेल असा पुरुष एकच झाला, आणि नेमका तोच माझ्या धाकट्या मावशीचाही नवरा होता. बाकीची माणसं गाडीत बसतात, कुठेतरी पोचतात आणि उतरतात. आमच्या मावसोबांना पोचण्यात काडीचाही रस नव्हता. गाडी सुरू झाली की त्यांचा दिवस सार्थकी लागे, फाटकाबाहेर पडली की सण साजरा होई, आणि गेली तशी परत आली तर ते स्वतःच आश्चर्याने दोनदा मागे वळून बघत. हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. त्या गाडीच्या मागच्या सीटवर, जी सीट इटलीतल्या कुणा कारागिराने बहुधा हातरुमाल ठेवण्यासाठी बनवली होती, मी माझ्या तारुण्यातले अनेक रविवार घडी घालून काढले आहेत.

मावसोबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये तीस वर्षं जॉबर होते. विणकरांवर लक्ष ठेवायचं आणि बिघडलेला माग चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. शेकडो माग एकाच छपराखाली खडखडत असतात तिथे बोललेलं स्वतःच्या कानांनाही ऐकू येत नाही, म्हणून ती सगळी मंडळी हातांनी बोलायची. तर्जनी गोल फिरवली म्हणजे चालू दे. अंगठा वर म्हणजे खेच. चिमूट म्हणजे हळू. डोक्यावर मूठ म्हणजे मॅनेजर येतोय, आणि पंजा आडवा धरला म्हणजे माग बंद. तीस वर्षांत मावसोबांचे कान जवळजवळ मिललाच अर्पण झाले होते, पण हात मात्र अखंड बोलत. माझ्या लग्नात पंगतीच्या त्या टोकाला वाढप्याने त्यांच्या पानात तिसऱ्यांदा श्रीखंड आणलं, तेव्हा त्यांनी पंजा आडवा धरला. वाढप्या थांबला. त्याच्या मागचा बँडवाला थांबला. तिकडे होमापाशी बसलेले गुरुजीही मंत्र अर्ध्यावर सोडून थांबले. आपण नेमकं काय बंद पाडलं हे मावसोबांना कळलंच नाही. त्यांनी शांतपणे पुरी मोडली. मावशी मात्र कपाळाला हात लावून म्हणाली, "मिलचं मिलमध्ये ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं!"

मग मिल बंद पडली. हे वाक्य मात्र मावसोबांसमोर म्हणायची सोय नव्हती. "बंद नाही भिया, थांबलीये," ते तर्जनी वर करून सांगत. फाटकाला कुलूप लागून महिने लोटले, आतल्या पत्र्यांवर पिंपळ उगवला, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला हा माणूस दाढी करून, खाकी पँट चढवून, डबा नसलेली पिशवी घेऊन ओसरीवर तयार असे. त्यांच्या बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी फोनचा बूथ टाकला, एकाने घरावर छत्री बसवून गल्लीभर केबलच्या तारा ओढल्या. गावात रोज नवं काहीतरी येत होतं. नव्या गाड्या, नवे साबण, परदेशी नावांची शीतपेयं. सगळे मावसोबांना सांगत होते की आता तुम्हीही काहीतरी नवं बघा. मावसोबांनी सगळ्यांचं म्हणणं मान डोलावून ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि एके दिवशी बसने महूला जाऊन वीस-पंचवीस वर्षं जुनी, दोन दारांची, लाल रंगाची इटालियन गाडी घेऊन आले.

गाडी एका निवृत्त कर्नलसाहेबांची होती. विकायची होती, पण येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारी की यात डिझेलचं इंजिन बसेल का, आणि कर्नलसाहेब त्याला तिथूनच कुत्रं दाखवत. मावसोबांनी काहीच विचारलं नाही. गाडी सुरू करायला लावली, बॉनेटवर पंजा टेकवला आणि डोळे मिटून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "साहब, चार सिलेंडर में से एक लंगडा रहा है. तीन नंबर का." कर्नल चमकले. "आपको सुनाई दिया?" मावसोबा म्हणाले, "सुनाई तो कुछ नहीं देता साहब. हाथ को समझता है." कर्नलांनी किल्ली दिली, वर रमचा एक पेला दिला, आणि म्हणे गाडी फाटकाबाहेर पडताना सॅल्यूटही केला. सॅल्यूटचं मावसोबांनीच सांगितलं, त्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

काय गाडी होती! पुढून बघावी तर एखादी नटी उशीवर हनुवटी टेकून आपल्याकडे बघतेय. बाजूने बघावी तर कुणी एका दमात, हात न उचलता काढलेली रेघ. लाल रंग जागोजागी उडून गाजराच्या हलव्यासारखा झाला होता, पण ऐट अशी की आमच्या गल्लीतल्या बाकीच्या स्कूटरी तिच्याशेजारी सायकली वाटत. बुटकी तर इतकी, की आत बसायचं म्हणजे आधी रस्त्यावर बसायचं आणि मग आत सरकायचं. गल्लीतली कुत्री ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोळे घालून बघत. एकदा भंवरकुआं चौकात शेजारच्या ट्रकमधून एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "क्यों भिया, लेट के चला रिये हो?" स्पीडब्रेकर आला की मावसोबा तो सरळ कधीच ओलांडत नसत. आधी थांबत, खाली उतरत, त्याची उंची वितीने मोजत, आणि मग देवाला प्रदक्षिणा घालावी तसे तिरके तिरके जात. मागे हॉर्नचा कल्लोळ उसळे. त्यांना काय त्याचं! ऐकू कुठे येत होतं?

त्यातून स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे जो बसेल तो लोकांच्या हिशेबी ड्रायव्हर. पहिल्याच रविवारी मी उजवीकडे बसून हातात वर्तमानपत्र धरलं होतं, तर चौकातला हवालदार शिट्टी फुंकत अंगावर धावून आला. "अखबार पढ़ते-पढ़ते गाडी चला रहा है? लायसन निकाल!" मी म्हटलं, माझ्याकडे नाही. त्यावर तो इतका संतापला की मावसोबांनी पलीकडून आपलं लायसन पुढे केलं तर म्हणाला, "आप बीच में मत बोलिए, बाबूजी!" पुढच्या काचेखालच्या तबकड्यांवर सगळं इटालियनमध्ये लिहिलेलं. मावसोबांनी कुठून कुठून विचारून त्याचा अर्थ लावला आणि आठवड्याभरात घरात इटालियन सुरू झालं. पाण्याला आक्वा, तेलाला ओलिओ. मावशी फोडणी देत असली की आतून आवाज येई, "ओलिओ बेताने घाल गं!" आणि मावशी मला सांगे, "जा, त्यांना ग्लासभर आक्वा नेऊन दे, म्हणजे डोकं थंड होईल."

गाडीचे सुटे भाग इंदुरात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जो भाग झिजे तो मावसोबा तळहातावर घेऊन तासभर बघत आणि मग मिलच्या भाषेत त्याचं भाषांतर करत. कुठे मागाच्या चामडी पट्ट्याचा वॉशर बसला, कुठे सूत कातायच्या चातीचं बेअरिंग, आणि एक दांडा पोलो ग्राउंडच्या कारखान्यांतल्या लेथवाल्याने सात वेळा घासला. आठव्यांदा तोच हात जोडून म्हणाला, "मास्साब, इससे अच्छा तो मैं आपको पूरी गाडी बना के दे दूँ." पण "होणार म्हणजे होणार," असं मावसोबा म्हणाले की ते होईच. महिनाभराने का होईना, होई. गाडी रस्त्यात बंद पडली की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो, आणि ते बॉनेट उघडता उघडता म्हणायचे, "बंद नाही भिया, थांबलीये."

मावशी या गाडीत एकदाही बसली नव्हती. ती मराठी शाळेत शिक्षिका. घर तिच्या पगारावर चाललं होतं, पण त्याचा उच्चार तिने कधी केला नाही. तिचं दुःख वेगळं होतं. "दिवसभर हा माणूस त्या गाडीखाली असतो," ती मला म्हणाली, "मला घरात त्यांचे पायच दिसतात. तीस वर्षं त्यांना मिलने नेलं, आता ही नेतेय. मी त्यांना कधी बघायचं?" अशात आग्रा-मुंबई रोडवर नवं हॉटेल काढणारे एक सेठ आले. त्यांना गाडी हवी होती, पण चालवायला नाही. हॉटेलच्या फाटकावरच्या कमानीवर चढवून तिच्यात रंगीत दिवे लावायचे होते. "पब्लिक फोटो खिंचवाएगी, बहनजी," ते मावशीला म्हणाले. मावसोबांनी डोक्यावर मूठ ठेवली आणि आत निघून गेले.

रात्रीच्या जेवणात मावशीने ताट सरळ केलं आणि आपला निर्णय सांगितला. येत्या रविवारी मला या गाडीतून ओंकारेश्वरला न्या आणि परत आणा. दर्शनाला मी उतरेन आणि मग थेट घराच्या दारात उतरेन. मधे कुठे रस्त्यावर उभं राहायची पाळी आली, तर संध्याकाळी सहाला सेठजींना किल्ली द्यायची. नाही आली, तर गाडीबद्दल जन्मात चकार शब्द काढणार नाही. हे सगळं तिने मोठ्याने, सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं, म्हणजे नंतर "ऐकू आलं नाही" म्हणायला जागा नको. मावसोबांनी आमटी भुरकली, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "होणार." दुसऱ्याच दिवशी मावशीने सेठजींना रविवारी सहाची वेळ देऊनही टाकली. निकालाची तिला इतकी खात्री होती.

जाताना गाडी अशी धावली की मला मागच्या सीटवर अडकलेले गुडघे विसरायला झाले. सिमरोल मागे पडलं, घाटातून ती वेलांटी काढावी तशी उतरली. उजवीकडे मावशी मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, अशी फोटोला बसल्यासारखी बसली होती. बडवाहला ती हळूच म्हणाली, "वारा बरा लागतोय." मावसोबांना ते ऐकू आलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर टकटक करून तर्जनी गोल फिरवली. ते एवढे खूश झाले की त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून मला उत्तर दिलं, आणि मावशीने उरलेल्या वाटेत रामरक्षा म्हटली.

परतताना ऐन चढात, वरचं वळण दिसत असताना, ॲक्सिलरेटरची तार तुटली. इंजिन चालू, पण पाय कितीही दाबा, गाडी नुसती पुटपुटतेय. मावसोबांनी ती कडेला घेतली. खाली उतरण्याआधी मावशीकडे वळले आणि चक्क हात जोडून म्हणाले, "तू उतरू नकोस. तू बसून राहा. फक्त बसून राहा." ती बसून राहिली. चढत्या दुपारी, काचा खाली, पदराने वारा घेत, ती त्या लाल गाडीत अशी बसली होती की येणारेजाणारे ट्रकवाले वेग कमी करून नमस्कार करत होते. एकाने तर खिडकीशी येऊन, "माताजी, प्रसाद है क्या?" असंही विचारलं.

मावसोबांनी डिकीतून मागाच्या चिवट सुती दोरीचा लडा काढला. दोरी इंजिनाजवळच्या खटक्याला बांधायची, बॉनेटच्या फटीतून बाहेर घ्यायची आणि खिडकीतून आत आणायची. म्हणजे पायाने दाबायचं ते हाताने ओढायचं. सांगायला सोपं, पण खटका तापलेल्या लोखंडाच्या गर्दीत, आणि तिथे जेमतेम दोन बोटं जात होती. ते वाकले. एक हात आत, दुसरा पंजा इंजिनावर टेकलेला, डोळे मिटलेले. माझ्याकडे न बघताच मधूनच इंजिनावरचा पंजा उचलून मला खुणा करत होते. ढील. खेच. हळू. मानेवरून घाम ओघळत होता. दोरी आखूड पडली तेव्हा त्यांनी दुसरा तुकडा जोडला. विणकरांची ती गाठ मी कितीदा पाहिली असेल, पण आजही मला सांगता येणार नाही की बोटांनी काय केलं. दोन टोकं जवळ आली, बोटं एकदा हलली, आणि टोकं वेगळी होती हे कुणाच्या लक्षातही राहू नये अशी दोरी एक झाली.

मला अचानक जाणवलं की सावली पडलीय. वळून बघितलं तर मावशी. रस्त्यावर उभी, छत्री उघडून ती तिने त्यांच्या पाठीवर धरली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती त्यांच्या हातांकडे बघत होती. तीस वर्षांत मिलच्या फाटकाच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. बायकांना सोडत नसत. मावसोबांनी मान वर केली, तिला पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"उतरलीस?"

"ऊन लागत होतं तुम्हाला."

"पण शर्त..."

"चटका लागला का? बघू हात," मावशी म्हणाली.

पुढचा प्रवास कसा झाला हे मी नीट सांगू शकेन असं वाटत नाही. दोरी उजव्या खिडकीतून आत आली होती आणि उजवीकडे मावशी होती. तेव्हा स्टिअरिंग, क्लच, ब्रेक मावसोबांकडे आणि वेग मावशीकडे. इंजिनाच्या त्या आवाजात एकमेकांशी बोलणं अशक्य, शिवाय त्यांना ऐकू येणंही अशक्य, म्हणून मावसोबांनी तिला तिथेच, दोन मिनिटांत, मिलच्या खुणा शिकवल्या. पहिल्या झटक्यात तिने एवढी दोरी खेचली की मी मागच्या काचेला चिकटलो. मावसोबांनी चिमूट दाखवली. तिने ढील दिली. अंगठा वर, तिने खेचली. घाट संपेपर्यंत दोघांना खुणांचीही गरज उरली नाही. त्यांचं बोट हलायच्या आत तिची मूठ आवळत होती. तेजाजी नगरला तिने आपण होऊन एका बसला मागे टाकलं, आणि केसांच्या बटा मागे सारायलाही दोरी सोडली नाही.

सहा वाजत आले होते. आमचं राजेंद्र नगर जवळ आलं तसे मावसोबांचे हात गप्प झाले. मान थोडी मागे करून ते मला म्हणाले, "भिया, सेठजींना किल्ली तू दे. माझ्याच्यानं नाही व्हायचं." शब्द दिला की दिला, असा तो माणूस. मी हो म्हटलं. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, म्हणून मग मी बाहेर बघत बसलो.

मावसोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मिलच्या जागेवर उंच इमारती आहेत, आणि तिथे राहणाऱ्या मुलांना भोंगा म्हणजे काय ते विचारलं तर ती माझ्याकडे बघत राहतात. मावशी लेकीकडे पुण्याला असते. फोनवर गल्लीतल्या एकेका घराची चौकशी करते, आणि कधी मी त्या रविवारचा विषय काढलाच, तर लगेच आवरतं घेते. म्हणते, "चल, ठेवते." मीही ठेवतो. पण मला ती संध्याकाळ अजून लख्ख दिसते. सहाला पाच कमी होते. फाटकाशी सेठजी हार आणि नारळ घेऊन उभे, शेजारी त्यांचा फोटोग्राफर, आणि ओसऱ्यांवर अख्खी गल्ली. मावसोबांनी गाडी घराच्या दाराशी आणली आणि पुढे न बघता, डोळे स्टिअरिंगवर ठेवून, पंजा आडवा धरला.

मावशीने त्या पंज्याकडे पाहिलं. सेठजींच्या हातातल्या हाराकडे पाहिलं. मग दोरीचे दोन वेढे मुठीभोवती घेतले, सगळा जीव एकवटून ती खेचली, आणि नवऱ्याला ऐकू जावं म्हणून अख्ख्या राजेंद्र नगराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली,

"अहो, थांबताय काय! मला अजून चालवायचीये!"